मोजमापाची वही : वेरूळच्या कळसापासून सुप्रमापर्यंत

चौदा रुपये बारा आणे. खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपाशी गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कानावर हा आकडा पडतो. बादशहाने स्वतःच्या हाताने टोप्या शिवून साठवलेली ही रक्कम. कबरीचा खर्च एवढ्यातच भागवावा अशी त्याची इच्छा होती, असे सांगतात. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो वारला आणि खुलताबादेत झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरले. वर छत नाही, घुमट नाही. भोवतीची संगमरवरी जाळी दिसते ती फार नंतरची. हिशेब मंजुरीत बसला, असे म्हणायला हरकत नाही.

तिथून पंचवीसेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात, त्याच्या बेगमेची, दिलरस बानूची कबर आहे : बीबी का मकबरा. तिचाही आकडा उपलब्ध आहे. औरंगजेबाने सात लाख रुपये मंजूर केले होते. गुलाम मुस्तफाच्या ‘तवारीखनाम्या’नुसार खर्च आला ६,६८,२०३ रुपये ७ आणे. आज एखादे सरकारी बांधकाम मंजुरीच्या आत पुरे झाले तर त्याची बातमी होईल. पण मकबऱ्याच्या जवळ गेले की हा हिशेब कसा बसवला तेही दिसते. घुमट संगमरवराचा, भिंतीचा खालचा पट्टा संगमरवराचा, आणि मधला बराचसा भाग साध्या दगडाचा, वरून चुन्याचा गिलावा. ताजमहालाच्या तुलनेचा टोमणा ही वास्तू साडेतीनशे वर्षे ऐकते आहे. पैसा घट्ट धरला, तेव्हा हातून सुटला तो संगमरवर.

काम ठरल्या पैशात, ठरल्या मुदतीत आणि ठरल्या प्रतीचे व्हावे म्हणून ते चालू असतानाच त्यावर नजर ठेवायची, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक वेळीच पकडायचा आणि काम वळणावर आणायचे, याला आजचे इंजिनिअर ‘प्रोजेक्ट कंट्रोल’ म्हणतात. कंपन्यांत त्याचा वेगळा विभाग असतो, वेगळी सॉफ्टवेअर असतात. ही नजर मजबूत असलेली कामे तडीस जातात आणि ढिली असलेली रखडतात, हे आता कोणी नाकारत नाही. पण ही नजर आली कुठून आणि वाटेत कोणाच्या हातात गेली, याचा माग काढायला खुलताबाद तालुक्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. हजार-बाराशे वर्षांचे पुरावे इथे चार-पाच किलोमीटरच्या टापूत उभे आहेत.

दगडातले वेळापत्रक

वेरूळ हे खुलताबाद तालुक्यातलेच गाव. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात. आवार २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद. मागचा कडा १०७ फूट सरळ कापलेला. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खाली नेले आणि मधे जो पाषाण राहिला त्यातून मंदिर कोरले. एरवी पाया आधी आणि कळस शेवटी. इथे कळस पहिला आणि जोते सर्वांत शेवटी.

या उलट्या क्रमाने कामावरचे नियंत्रण आपोआप कडक केले. बांधकामात भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. इथे एकदा तासून काढलेला दगड परत चिकटत नाही. कळसावर पहिली छिन्नी पडली तेव्हाच खालच्या मंडपाची उंची आणि त्याखालच्या हत्तींच्या रांगेची पातळी कोणाच्या तरी डोक्यात पक्की असली पाहिजे. आवारात दोन्ही बाजूंना जे उंच ध्वजस्तंभ उभे आहेत, त्यांचा दगड खोदाईच्या सुरुवातीलाच राखून ठेवावा लागला. तो विसरला असता तर नंतर आणणार कुठून?

कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त याची एक गोष्ट आहे. राजा आजारी पडला, राणीने नवस केला आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा पण केला. पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात केली आणि आठवड्याभरात राणीला शिखर दाखवले. आख्यायिका म्हणून सोडून द्यायची तर द्यावी. पण तिच्यात मुदत आहे, त्या मुदतीत दाखवायचा टप्पा आहे, आणि टप्पा पुरा झाला की नाही हे पाहायला उपाशी बसलेली मालकीण आहे. पुढच्या हजार वर्षांत इतका जागरूक तपासनीस कोणत्याही कामाला क्वचितच मिळाला असेल.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचा रोखठोक हिशेब मांडला होता. एक माणूस दिवसाला चार घनफूट दगड फोडतो असे धरले, तर अडीचशे माणसांना हे खोदकाम साडेपाच वर्षांत जमू शकते. म्हणजे रोज हजार घनफूट. माणशी रोजचे काम किती, माणसे किती, दिवस किती, हा गुणाकार कोणीतरी आठव्या शतकातही केला असणारच. त्याशिवाय एवढ्या लोकांचे धान्य आणि छिन्न्यांचे लोखंड वेळेवर पोचले नसते. तो कागद आपल्यापर्यंत आलेला नाही. आला आहे तो ताम्रपट : कर्क सुवर्णवर्षाच्या, इ. स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात, हे मंदिर आपल्या हातून कसे झाले याचे खुद्द शिल्पकारालाच नवल वाटले, अशा अर्थाचे वर्णन आहे.

नवल वाटावे असेच ते होते, कारण तडीस न गेलेली कामेही जवळच आहेत. वेरूळच्याच तिसाव्या क्रमांकाच्या जैन लेण्याला ‘छोटा कैलास’ म्हणतात. पद्धत तीच, आकार लहान, तरी काम अर्धवट राहिले. अजिंठ्याचे चोविसावे लेणे पुरे झाले असते तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. वाकाटक राजा हरिषेण गेला, आश्रय आटला आणि छिन्न्या थांबल्या, असा अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचा निष्कर्ष. अर्धवट खांब आणि तोडून सोडलेले कोपरे वाचत वाचत त्यांनी कोणते काम कधी, किती झाले याचा क्रम लावला. कामाची प्रगती वाचायची तर ती अशा अपुऱ्या कामांतूनच वाचता येते.

तनखा, सबनीस आणि कारखानीस

खुलताबादेतच मलिक अंबरची कबर आहे. १६२६ मध्ये तो वारला. १६१० मध्ये त्याने वसवलेले खडकी म्हणजेच आजचे संभाजीनगर, आणि त्या शहराला डोंगरातून जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले काम. उताराच्या जोरावर वाहणाऱ्या पाण्याला चुकलेली पातळी चालत नाही. बोटभर चढ आला तरी पाणी तिथेच थांबते. नहरीवर जागोजागी बांधलेल्या उभ्या विवरांतून आत उतरून गाळ आणि गळती पाहता येत असे. तपासणीची जागा बांधकामातच ठेवलेली होती.

पण या मागोव्यात त्याचे दुसरे काम जास्त मोलाचे आहे. त्याने जमिनीचा कस पाहून गावोगावचा धारा ठरवला. मराठी दफ्तरांत या ठरीव आकारणीला ‘तनखा’ म्हणत, आणि पुढे पेशवाईत प्रत्यक्ष पाहणी करून ठरवलेली ती ‘कमाल’. एक आकडा आधी बांधलेला, दुसरा शिवारात जाऊन पाहिलेला. दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो. आजच्या कोणत्याही प्रकल्प-अहवालाचा कणा हाच आहे. ठरले काय होते आणि झाले काय, हे दोन रकाने.

हे रकाने कोणी भरायचे, याचे उत्तर शिवकालाने दिले. गडावर अधिकारी तीन : हवालदाराकडे हुकूम आणि किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा, सामानसुमान. सभासदाच्या बखरीत या व्यवस्थेचे वर्णन आहे. माणसे वेगवेगळ्या जातींतून नेमायची आणि एकट्याच्या मर्जीने काही होऊ द्यायचे नाही, हा तिचा गाभा. खर्च करणारा, मोजणारा आणि साठा सांभाळणारा हे तिघे वेगळे असले की एकाची लबाडी दुसऱ्याच्या वहीत उमटते. गड फितुरीने जाऊ नये म्हणून केलेली ही रचना होती. तिने हिशेबही राखला.

एम.बी.

इंग्रजी अमदानीत, १८५०च्या दशकाच्या मध्यावर, डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खाते उभे केले आणि तपासनिसाच्या हातात एक वही आली. तिचे नाव मेजरमेंट बुक, मराठीत मोजमाप पुस्तिका, आणि साइटवर नुसते ‘एम.बी.’ मराठवाडा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. हैदराबादचे बांधकाम खाते निराळे, पण शिस्त याच घरची. आज खुलताबादच्या कोणत्याही गावरस्त्याचे बिल निघते ते एम.बी. भरल्यावरच.

ही वही उघडून पाहण्यासारखी आहे. पानांवर छापील क्रमांक, म्हणजे पान फाडले तर लगेच कळावे. रकाने ठरलेले : कामाचा तपशील, नग, लांबी, रुंदी, खोली किंवा उंची, आणि शेवटी परिमाण. नोंद शाईने, कामाच्या जागेवर, मोजपट्टी हातात असताना. खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर अशी रेघ ओढायची की जुना आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. शाखा अभियंता मोजतो, उपअभियंता त्यातले काही पुन्हा मोजतो, कार्यकारी अभियंता आणखी थोडे. गडावरचे तीन अधिकारी एका वहीत तीन सह्या होऊन बसले.

मातीकामाची मोजणी तर आणखी चतुर. खड्डा खणून माती बंधाऱ्यावर गेली. आता किती खणली हे कसे सांगणार? त्यासाठी खड्ड्याच्या मधे न खणलेल्या मातीचा एक खांब तसाच राखायचा. त्याचा माथा म्हणजे मूळ जमीन, त्याची उंची म्हणजे खोदाईची खोली. मोजणी झाल्यावरच तो पाडायचा. वेरूळच्या डोंगरावर उभे राहून खाली पाहिले की कैलास हा असाच एक खांब वाटतो. मूळ डोंगर किती उंच होता याची साक्ष देत खड्ड्याच्या मधोमध राहिलेला.

या वहीची खरी कसोटी १९७२च्या दुष्काळात लागली. औरंगाबाद जिल्हा होरपळला होता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम मोजून दाम.

या शेवटच्या तीन शब्दांत एम.बी.चे सगळे बळ आणि सगळी खोट आहे. मुकादम मस्टरवर हजेरी भरायचा, पण मजुरी ठरायची मोजमापावर. टोळीने किती घनमीटर मुरूम खणला, तो किती अंतरावर टाकला, किती उंचीवर चढवला, या सगळ्याचे दर वेगळे. त्यामुळे पैसा खरोखर मातीत गेला की नाही हे कळत होते. हजारो पाझर तलाव असेच उभे राहिले. पण मोजणीला साहेब आले नाहीत तर एम.बी. भरली जात नाही, एम.बी. नाही तर पगारपत्रक नाही, आणि पगारपत्रक नाही तर बाजारच्या दिवशी किराणा नाही. उशीर तपासनिसाचा, उपास मजुराचा. दुसरीकडे मस्टरवर कधीच न आलेल्या माणसांची नावे चढली, त्याची प्रकरणे झाली.

मग कागदाची जागा मोबाइलने घेतली. २०२१ मध्ये मनरेगाच्या कामांवर हजेरीचे अ‍ॅप आले : दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढावे लागले, कारण अ‍ॅपवर असंबद्ध फोटो आणि फोटोंचे काढलेले फोटो चढत होते. साधन बदलले, चढलेला फोटो डोळे उघडून पाहणारा माणूस मात्र पुन्हा नेमावाच लागला.

निम्मा पैसा, निम्मा वेळ

विसाव्या शतकात बाहेरच्या जगात या वहीला चित्रे आणि सूत्रे मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हेन्री गँट यांचा आडव्या पट्ट्यांचा तक्ता गाजला. १९५७-५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीने आणि अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पाने कामांची साखळी मांडून, कोणत्या कड्या लांबल्या की अख्खा प्रकल्प लांबतो, हे शोधायची पद्धत काढली. १९६७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठेकेदारांना नियम घातला : नुसता खर्च सांगू नका, झालेल्या कामाची किंमत सांगा.

यातला शेवटचा मुद्दा सर्वांत धारदार आहे. समजा, एक बंधारा दहा महिन्यांत एक कोटीत व्हायचा आहे. पाच महिने झाले, पन्नास लाख गेले. निम्मा वेळ, निम्मा पैसा. बैठकीत सगळे माना डोलावतात. पण एम.बी. काढून पाहिली तर काम तीसच टक्के झालेले, म्हणजे मंजूर दराने तीस लाखांचे. पन्नास लाख देऊन तीस लाखांचा बंधारा हाती आला आहे, आणि याच चालीने तो पुरा व्हायला दीड कोटीच्या पुढे आणि सोळा-सतरा महिने लागतील. हे पाचव्या महिन्यात कळले तर काही करता येते. नवव्या महिन्यात कळले तर फक्त कारणे लिहिता येतात.

कारणे लिहिण्याची आपली सरकारी वाट म्हणजे सुप्रमा, सुधारित प्रशासकीय मान्यता. अंदाज चुकू शकतो, भूसंपादनाचे दर वाढतात, खडक अपेक्षेपेक्षा खोल लागतो. तेव्हा नव्या आकड्याला मान्यता घेण्याची सोय हवीच. पण सोय सवय झाली की मूळ आकड्याला अर्थ उरत नाही. विदर्भातला गोसीखुर्द प्रकल्प १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता. राजीव गांधींनी १९८८ मध्ये भूमिपूजन केले, आणि पुढे एकामागून एक सुप्रमा होत आकडा अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. राज्यातल्या सिंचन प्रकल्पांच्या अशाच वाढीची चौकशी करायला २०१२ च्या अखेरीस समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष माधवराव चितळे, स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी आणि संभाजीनगरचेच रहिवासी.

खुद्द मलिक अंबरच्या शहराचे पाणीही याच वाटेने गेले. जायकवाडीहून पाणी आणायची समांतर जलवाहिनी वर्षानुवर्षे गाजली आणि २०१६ मध्ये तिचा करार महापालिकेने रद्द केला. २०१९ मध्ये नवी योजना १,६८० कोटींची मंजूर झाली, ती २,७४० कोटींवर पोचली. कामावर नजर ठेवायला अखेर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला बसावे लागले. किती किलोमीटर नळ टाकला, किती जोडला, हे न्यायालयात सांगण्याची वेळ आली. कोकसच्या गोष्टीतल्या राणीची जागा न्यायमूर्तींनी घेतली.

वहीत बारीकसारीक आकडे आहेत, नियम आहेत, सह्या आहेत. मग हे होते कसे? मला दिसते ते असे : आपल्या नियंत्रणाची धार खाली तेज आणि वर बोथट आहे. मुरूम वाहणाऱ्या बाईचे काम घनमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले जाते आणि तिची मजुरी तेवढीच कापली जाते. प्रकल्प पन्नासपट वाढतो तेव्हा मात्र एक टिपणी निघते आणि ती मंजूर होते. वही दोन्हीकडे आहे. खालच्या वहीला काम थांबवायचा अधिकार आहे, वरच्या वहीला नाही.

हा अधिकार जिथे दिला गेला तिथे कामे झाली. १९९० मध्ये कोकण रेल्वेचे काम सुरू झाले तेव्हा प्रकल्पाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी कार्यालयांत उलटे चालणारे घड्याळ लावले. त्यावर उरलेले दिवस दिसत. गोव्यातल्या मार्गाचा वाद आणि पेडण्याच्या बोगद्यातली भुसभुशीत माती यांनी मुदत चुकवलीच. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. पण किती चुकली आणि कशाने, हे रोज सर्वांसमोर होते, आणि जागेवरच्या अभियंत्याला निर्णयासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नव्हती. घड्याळ कोणीही लावू शकतो. त्याच्याखाली बसलेल्या माणसाच्या शब्दाला वजन होते, म्हणून ते चालले.

या वहीच्या वंशावळीत आणखी एक भर महाराष्ट्रातल्या चळवळीतून आली. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये राज्याचा आणि २००५ मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा झाला. केंद्राच्या कायद्यात कागद पाहण्याबरोबरच चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. म्हणजे गावातल्या रस्त्याची एम.बी. गावकऱ्याला मागता येते, आणि मोजपट्टी घेऊन ती रस्त्यावर ताडून पाहता येते.

तसे पाहायला गेलात तर तीन गोष्टी पाहाव्यात. कामावरच्या फलकावर मूळ अंदाजपत्रकाची रक्कम आहे की सुधारित. बिलाची तारीख आणि एम.बी.तल्या मोजणीची तारीख यांत अंतर किती. आणि मोजणाऱ्याने कधी काही नाकारले आहे का. सगळ्या पानांवर एकही आडवी रेघ नसेल, एकही आकडा कमी केलेला नसेल, तर ती वही कामावर न जाता भरलेली असण्याचा संभव मोठा. पहिली सुप्रमा मागितली जाते तेव्हा हे तीन प्रश्न विचारले गेले, तर बहुतेक कामे अजून सावरता येतात. दुसरीच्या वेळी सावरण्याजोगे फार थोडे उरते, आणि तिसरीनंतरचा आकडा हा अंदाज राहत नाही, तो निव्वळ हिशेबाचा सोपस्कार होतो.